वेलदोड्याचं रान

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. झाडाची ओळख त्याच्या जागी जाऊन करून घ्यावी, हा त्यांचा आग्रह होता. वर्गात आणलेली फांदी काय दाखवते आणि काय लपवते, हे ते विद्यार्थ्यांना समजावून सांगत. त्यांच्या या आग्रहाला धरून आज मी अशा वनस्पतीविषयी बोलणार आहे, जिचं फळ आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे, पण जिची जागा आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. ती वनस्पती म्हणजे वेलदोडा.

श्रीखंड, पुरण, मोदकाचं सारण, बासुंदी, यातलं काहीही करायचं तर शेवटी हात वेलचीच्या डबीकडे जातो. आपण तिला मसाल्याचं पीक म्हणून ओळखतो. पण वेलदोडा मुळात सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या सदाहरित रानात आपोआप उगवणारा, आल्याच्या कुळातला ठोंब आहे. माणसानं त्याची बाग केली, जाती निवडल्या, तो समुद्रापार नेला. एवढं होऊनही रानाशी असलेला त्याचा संबंध सुटलेला नाही. तो सुटला तर पीकही टिकणार नाही, हे माझं आजचं म्हणणं आहे.

आधी त्याची भावकी पाहू. आलं, हळद, आंबेहळद, कचोरा, सोनटक्का ही सगळी एकाच कुळातली. या कुळात सुमारे पन्नास प्रजाती आणि दीड हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक उष्ण कटिबंधातल्या रानांत, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतही या कुळातल्या रानवनस्पती आहेत. पाऊस सुरू झाला की झाडीच्या कडेनं रानहळदीचे तुरे वर येतात. कास आणि महाबळेश्वरच्या पठारांवर चवर फुलते. तिच्या कंदांपासून आरारूटसारखं पिठूळ सत्त्व निघतं. मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची यादी जॉन ग्रॅहम यांनी १८३९ साली प्रसिद्ध केली, तिच्यात चवरीला शास्त्रीय नाव मिळालं.

आपल्याकडच्या या वनस्पती आणि वेलदोडा यांच्यात एक मोठा फरक आहे. रानहळद किंवा चवर पावसाळा संपला की वरून वाळून जाते आणि कोरडे महिने जमिनीखाली कंदाच्या रूपात काढते. वेलदोड्याला ही सोय नाही. त्याची पानं बारा महिने हिरवी असतात, म्हणून त्याला ओलावाही बारा महिने लागतो. कर्नाटकाच्या मलनाडापासून केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांपर्यंत, साधारण ६०० ते १,५०० मीटर उंचीवर जिथे पाऊस भरपूर, धुकं दाट आणि कोरडे महिने थोडे, तिथेच तो रानात सापडतो. त्याच्या डोक्यावर नागकेशर, पालाक्वियम, कलेनिया अशी उंच झाडं असतात. कलेनियाच्या फुला-फळांवर सिंहपुच्छ वानर जगतो. ज्या रानात तो वानर आहे, त्याच रानाच्या तळाशी वेलदोडा आहे.

आता हा ठोंब नीट पाहू. जमिनीत आडवं वाढणारं खोड असतं. त्यातून पुरुषभर किंवा त्याहून उंच फुटवे येतात. त्यांना आपण दांडे म्हणतो, पण ते पानांच्या तळाशी असलेल्या आवरणांची एकावर एक गुंडाळी होऊन बनलेले असतात. फुलं या दांड्यांच्या टोकाला येत नाहीत. बुंध्यापाशी, जमिनीच्या लगत वेगळा फुलोरा निघतो. मलबार प्रकारात तो जमिनीवर पसरतो, म्हैसूर प्रकारात उभा राहतो, आणि या दोहोंच्या नैसर्गिक संकरातून आलेल्या वळुक्का प्रकारात तो अर्धवट उभा असतो. म्हणजे वेलदोडे तोडायचे तर पायाशी वाकावं लागतं. बागांतून हे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. चिखलात दिवसभर वाकून त्या एकेक बोंड निवडून खुडतात. एका फुलोऱ्यावरची बोंडं एकदम तयार होत नसल्यानं त्याच ठोंबाकडे त्यांना हंगामात पुन्हा पुन्हा यावं लागतं.

फूल पांढरं. त्याची सर्वांत ठळक पाकळी रुंद असते आणि तिच्यावर जांभळ्या-गुलाबी रेषा असतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं ती पाकळी नव्हेच. आल्याच्या कुळात काही पुंकेसरांनी परागकण तयार करणं सोडलं, ते एकत्र जुळले आणि पाकळीसारखे पसरले. खरं काम करणारा पुंकेसर एकच उरला, आणि त्याच्या खोबणीतून स्त्रीकेसराची बारीक दांडी वर येते. रुंद भाग माशीला उतरायला जागा देतो, रेषा तिला मधाची वाट दाखवतात, आणि आत शिरताना तिच्या पाठीला पराग लागतो. फूल पहाटे उमलतं आणि एकच दिवस टिकतं. त्या दिवसात माशी आली नाही तर ते गळून पडतं. स्वतःच्याच परागानं फळ धरायची क्षमता या झाडात आहे, पण तो परागसुद्धा कुणीतरी उचलून द्यावा लागतो.

इथे २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगायला हवा. पश्चिम घाटातला रानवेलदोडा आणि बागेतला वेलदोडा यांची त्यात तुलना केली होती. बागेत परागीभवन करतात त्या आग्या माश्या, सातेरी माश्या आणि डंख नसलेल्या लहान माश्या, म्हणजे पोळ्यात समूहानं राहणाऱ्या. रानात हे काम प्रामुख्यानं मेगाकायली आणि अमेगिला या एकेकट्या राहणाऱ्या माश्या करतात. कारण समजण्यासारखं आहे. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या जास्त फुलं आणि जास्त फळं देणारे ठोंब निवडले. एका जागी भरपूर फुलं आणि भरपूर मध मिळाला तर मोठ्या पोळ्यांच्या माश्यांना तिथे येणं परवडतं. रानातला ठोंब मोजकी फुलं देतो, तीही दूरदूर. तेवढ्यासाठी एकटी माशी फिरते, मोहोळ फिरत नाही. माणसानं झाड बदललं तसे त्याचे सोबतीही बदलले. पण आग्या माशी पोळं बांधते ते उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याला. ती बागेत काम करते आणि राहते रानात. रान दूर गेलं तर बागेतली फुलं तशीच गळतील.

फळाचं पुढे काय होतं? बोंडात तीन कप्पे असतात आणि प्रत्येकात काळपट, सुगंधी बिया. बियांवर पातळ, गोडसर पापुद्रा असतो. रानातले उंदीर आणि खारी ती फळं फोडतात, काही बिया खातात, काही इकडे तिकडे पडतात. पडलेलं बी लगेच वाढीला लागतंच असं नाही. रानाच्या तळाशी उजेड फार कमी पोचतो. तिथे बी आणि लहान रोपं तग धरून राहतात आणि वरचं छत उघडण्याची वाट पाहतात. एखादं म्हातारं झाड वादळात कोसळतं, छताला खिंडार पडतं, उजेडाचा पट्टा जमिनीवर येतो आणि तिथे वेलदोडा जोमानं उठतो. काही वर्षांनी छत पुन्हा मिटतं. तोवर दुसरीकडे झाड पडलेलं असतं.

कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत तिथल्या 'मलै' पद्धतीचं वर्णन सापडतं. पावसाळ्याआधी लोक डोंगरउतारावरच्या सदाहरित रानात जात. जिथे वेलदोड्याचे विरळ ठोंब दिसत, तिथे खालची झुडपं साफ करत आणि एखादं मोठं झाड पाडत. बी पेरत नसत. पुढच्या पावसात त्या उघड्या जागेवर वेलदोड्याची रोपं आपोआप उभी राहत. दोन-तीन वर्षांनी फळ सुरू होई आणि सहा-सात वर्षं मिळत राही. मग ती जागा रानाला परत जाई. मोठं झाड पडताना जमिनीला जो हादरा बसतो, त्यानं बी जागं होतं, अशी तिथली समजूत होती. शास्त्र त्याचं श्रेय हादऱ्याला न देता उजेडाला देईल. पण निरीक्षण अचूक होतं. रानाची स्वतःची रीत पाहून तेवढ्याच मापानं तिची नक्कल करायची, ही त्या पद्धतीमागची समज होती. छताला एक खिडकी पाडायची, सगळं छप्पर उतरवायचं नाही.

हे ज्ञान कुणाचं होतं, हेही आठवायला हवं. त्रावणकोर संस्थानाच्या डोंगरांत मन्नान आणि मुदुवन या आदिवासी जमातींचे लोक रानातून वेलदोडे गोळा करत. वेलदोड्यावर संस्थानाची मक्तेदारी होती. गोळा करणारे वेगळे आणि मोल घेणारे वेगळे, अशी ती व्यवस्था होती. या ज्ञानाची एक मोठी नोंद पुस्तकात झाली ती डच अमलात. मलबारचे डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान र्‍हेडे यांनी 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. वेलदोडा त्याच्या अकराव्या खंडात आहे. या ग्रंथासाठी मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांनी माहिती दिली, आणि कोचीनच्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनीही. त्या तिघांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलेलं आहे. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या समाजातली ही माणसं. पश्चिम किनाऱ्यावरची वनस्पतींची जाण भाषांच्या सीमा ओलांडून एकत्र आली, त्याची ही साक्ष आहे. कोकणी आणि मराठी वाचकांना तिचा अभिमान वाटावा.

नंतर बागा आल्या. केरळच्या इडुक्कीतला डोंगराळ मुलूख वेलदोड्याच्या लागवडीखाली आला. इथे एक वेगळी व्यवस्था घडली. खालची झुडपं काढायची, वरची झाडं ठेवायची आणि त्यांच्या सावलीत वेलदोडा लावायचा. 'कार्डमम हिल रिझर्व्ह' नावाच्या या टापूत जमिनीची देखरेख महसूल खात्याकडे आणि झाडांची वन खात्याकडे, असा दुहेरी कारभार आजही चालतो. त्यातून वाद पुष्कळ झाले. पण या कारभाराच्या मुळाशी एक खरी गोष्ट मान्य केलेली आहे, ती म्हणजे इथे पीक आणि झाड वेगळं करता येत नाही.

बागेबरोबर रोगही आले. कर्नाटकात 'कट्टे' नावाचा विषाणुरोग पसरला. पानांवर फिकट पट्टे उमटतात, फुटवे खुजे होत जातात, फळ धरणं थांबतं. मावा कीटक तो एका ठोंबावरून दुसऱ्यावर नेतो. सगळीकडे सारखीच झाडं एकमेकांना लागून असली की रोगाला अडथळाच राहत नाही. यावर उपाय कुठून आला? रोगानं उजाड झालेल्या बागांतून जे मोजके ठोंब निरोगी राहिले होते, ते शास्त्रज्ञांनी शोधून काढले. भारतीय मसाला संशोधन संस्थेच्या कोडगूतल्या अप्पंगळा केंद्रात त्यांच्यावर काम झालं आणि 'विजेता' ही कट्टेला तोंड देणारी जात तयार झाली. म्हणजे औषध वेलदोड्याच्या आपापसातल्या विविधतेतच होतं. ती विविधता आधी रानानं सांभाळली, म्हणून ती बागेत उरली.

दुसरी गोष्ट इडुक्कीतल्या सेबॅस्टियन जोसेफ या शेतकऱ्याची. त्यांनी आपल्या शेतातले उत्तम ठोंब हेरले, त्यांच्यातून निवड केली आणि 'ञळ्ळाणी' ही भरघोस उत्पन्न देणारी जात दिली. लहान शेतकऱ्यांच्या हातात त्यामुळे पैसा आला. एका शेतकऱ्याच्या नजरेनं साऱ्या पिकाचं भवितव्य बदलावं, ही आदरानं सांगावी अशी गोष्ट आहे. पण तिचा दुसरा परिणामही पाहावा लागतो. ही जात फुटवे तोडून लावतात, त्यामुळे प्रत्येक नवं झाड आधीच्या झाडाची हुबेहूब प्रत असतं. इडुक्कीतल्या बहुतेक बागांत आज हीच जात दिसते. भरपूर पीक देण्यासाठी तिला खत लागतं, पाणी लागतं आणि जुन्या बागांपेक्षा जास्त ऊन चालतं. त्यामुळे सावलीची झाडं छाटली जातात. ऊन वाढलं की ओलावा घटतो. खोड पोखरणारी अळी आणि फुलकिडे यांच्यासाठी फवारण्या होतात. त्या फवारण्या फुलांच्या दिवसांतही होत असल्यानं माश्या मरतात, आणि माश्या गेल्या की फळ कमी धरतं. शेतकरी या चक्रात लोभानं अडकलेला नाही. बाजारानं त्याला तिथे ढकललं आहे.

बाजाराची गत काय आहे ते बघा. १९१४ साली ऑस्कर मायुस क्लोफर या जर्मन बागायतदारानं ग्वाटेमालातल्या कोबान भागात वेलदोडा नेला. तिथल्या ढगाळ डोंगरांत तो इतका रुजला की पुढे जगातला सर्वांत मोठा उत्पादक देश ग्वाटेमाला झाला. अरब देशांतल्या कॉफीत वेलदोडा लागतो, त्या बाजारासाठी भारत आणि ग्वाटेमाला यांच्यात चढाओढ आहे. भाव कधी कोसळतो, कधी आभाळाला भिडतो. केरळातल्या २०१८ च्या महापुरानंतर पीक घटलं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये इडुक्कीतल्या पुट्टडीच्या लिलावात किलोला ७,००० रुपये बोली गेली. चार-पाच किलो ओली बोंडं वाळवली की एक किलो वेलदोडा मिळतो, तेव्हा हा भाव ऐकून कुणीही आणखी चार ठोंब लावेल, आणखी एक झाड छाटेल. पुढे २०२४ च्या उन्हाळ्यात पाऊस लांबला, उष्णता वाढली आणि इडुक्कीत मोठ्या क्षेत्रावरचे ठोंब वाळून गेले. ज्या वनस्पतीला बारा महिने ओलावा लागतो, तिच्यावरची सावली आपण पातळ केली होती. त्या उन्हाळ्यात त्याचं मोल शेतकऱ्यानं चुकवलं.

त्याच वर्षी, २०२४ मध्ये, शास्त्रज्ञांनी वेलदोड्याच्या प्रजातीचा नव्यानं अभ्यास करून तिच्यात सात जाती असल्याचं मांडलं. चार जाती पूर्वी दुसऱ्या प्रजातीत गणल्या जात होत्या, त्या इकडे आल्या. दोन जाती अगदी नव्या होत्या आणि त्या दोन्ही केरळच्या पश्चिम घाटात सापडल्या. विचार करा. रोमन काळापासून ज्या मसाल्याच्या किनाऱ्याकडे जगाची जहाजं येत राहिली, त्या किनाऱ्यामागच्या डोंगरात वेलदोड्याची ही दोन सख्खी भावंडं एकविसाव्या शतकापर्यंत अनोळखी राहिली. त्यांच्यात कोणता गुण आहे, कोणता रोग त्या झेलू शकतात, किती उष्णता सोसू शकतात, हे अभ्यासायला आत्ता सुरुवात होते आहे. रान राहिलं तर हा अभ्यास होईल.

पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं २०११ साली अहवाल दिला, तेव्हा इडुक्कीत त्याला कडाडून विरोध झाला. आपली जमीन जाईल, घर बांधता येणार नाही, ही लहान शेतकऱ्याची भीती खरी होती. त्या भीतीला उत्तर न देता संवर्धनाची भाषा बोलणं अन्यायाचं आहे. पण ज्या पिकावर त्या शेतकऱ्याचं घर चालतं, त्या पिकाचा आधार रान आहे हेही तितकंच खरं आहे. म्हणून पहिलं काम हे, की शेतकऱ्याला रान सांभाळण्याचा मोबदला मिळाला पाहिजे. सावलीची देशी झाडं राखणाऱ्या, फुलांच्या दिवसांत सकाळी फवारणी न करणाऱ्या बागेतला वेलदोडा वेगळा ओळखता यावा, आणि त्याला जास्त भाव मिळावा. आज लिलावात प्रतवारी होते ती बोंडाच्या आकारावर आणि हिरव्या रंगावर. तो वेलदोडा कोणत्या सावलीत वाढला, याची विचारणा तिथे होत नाही. ती होऊ शकते, आणि गिऱ्हाईकानं मागणी केली तर ती होईल. गिऱ्हाईक म्हणजे आपण.

दुसरं काम शासनाचं आणि संस्थांचं. अप्पंगळा आणि मैलाडुंपारा इथल्या संशोधन केंद्रांत वेलदोड्याच्या वाणांचा संग्रह आहे. तो अमूल्य आहे. पण संग्रहात लावलेला ठोंब बदलत्या हवेशी, नव्या किडीशी, रानातल्या माशीशी झुंज घेत नाही. ती झुंज रानातच होते आणि नवे गुण तिथेच टिकून पुढे जातात. म्हणून रानवेलदोडा जिथे अजून आहे ते पट्टे नकाशावर आले पाहिजेत, आणि त्यांची देखरेख तिथल्या मन्नान, मुदुवन आणि कोडगूच्या लोकांकडे मानानं आणि मोबदल्यानं सोपवली पाहिजे.

तिसरं काम आपल्या दाराशी आहे. महाराष्ट्रात वेलदोड्याचं रान नसलं, तरी त्याच्या कुळातल्या वनस्पती आहेत, आणि त्यांच्याविषयी आपण फारसं बोलत नाही. कासच्या पठारावर लोक फुलांचे रंग पाहायला जातात. पण चवर कुठे वाढते आहे, कुठे कमी होते आहे, तिच्यावर कोणत्या माश्या येतात, याच्या नोंदी गावोगाव व्हायला हव्यात. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, एक हंगाम आणि सकाळी लवकर उठण्याची तयारी पुरे. देवरायांच्या तळाशी, कोकणातल्या जुन्या झाडीत, रानहळदीचे आणि कचोऱ्याचे ठोंब कुठे आहेत हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. ती माहिती त्यांच्याबरोबर जाण्याआधी लिहून घेतली पाहिजे.

या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी येत्या पावसाळ्यात शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना घेऊन हे काम सुरू करावं, आणि पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाच्या वेळी त्या नोंदी इथे सर्वांसमोर वाचाव्यात. वेलदोड्यानं आपल्याला एवढं शिकवलं आहे की माणूस झाडाची निवड करू शकतो, त्याला बागेत आणू शकतो, साता समुद्रांपार नेऊ शकतो. पण त्याला लागणारी माशी, सावली, ओलावा आणि उद्याचं बियाणं रान देतं. म्हणून रान राखणं हे शेतीचंच काम समजावं, आणि त्याचा खर्च शेतकऱ्यावर न टाकता सगळ्यांनी मिळून उचलावा.